इंजिनाला पावडर लावणारे तात्या

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत कोजागिरीला दूध आटेपर्यंत प्रत्येकाने काहीतरी सादर करायचं अशी पद्धत आहे. मला गाता येत नाही, म्हणून मी दरवर्षी एक किस्सा सांगतो. एक मेकॅनिक असतो. त्याच्याकडे ऑइल गळणारा ट्रक येतो. हा गृहस्थ इंजिन धुतो, पुसतो, त्याला नवरीसारखी पावडर लावतो, समोर स्टूल टाकून दिवसभर बसतो आणि संध्याकाळी एका नळीत तार घालून म्हणतो, "झालं." तार घालण्याचा अभिनय मला बरा जमतो. लोक हसतात. पहिल्या मजल्यावरच्या साने वहिनी तर दरवर्षी बरोबर त्याच जागी हसतात, त्यामुळे कुठे थांबायचं ते मला कळतं.

यंदा कोणीतरी ते मोबाइलवर घेतलं. फिरत फिरत ते आमच्या जुन्या वर्कशॉपच्या ग्रुपवर गेलं आणि तिथून हडपसरच्या एका मुलीकडे. तिचा मला निरोप आला: "काका, नमस्कार. मी सोपान लोणकरांची नात. व्हिडिओ बघून घरी सगळे खूप हसलो. आजोबा कामाचं कधीच बोलायचे नाहीत. ते खरंच इतके स्लो होते का?"

चिडून विचारलं असतं तर सोपं होतं. चिडलेल्या माणसाला काय उत्तर द्यायचं हे पुण्यात कोणाला शिकवावं लागत नाही. पण तिने कुतूहलाने विचारलं होतं. तात्या लोणकर जाऊन बरीच वर्षं झाली, मीही ऐंशी ओलांडली. तात्या मंद होते हे ज्यांना म्हणून माहीत आहे, त्यांना ते माझ्याकडून कळलेलं आहे. तेव्हा हे निस्तरायचं तर मलाच.

सोलापूर रस्त्याला, हडपसर सोडलं की आमचं वर्कशॉप होतं. ट्रक बनवणाऱ्या एका कंपनीची एजन्सी. मी वॉरंटी विभागाचा प्रमुख. विभाग म्हणजे मी आणि एक टाइपरायटर. नव्या गाडीत काही बिघडलं तर दुरुस्ती आम्ही करायची आणि तिची मजुरी कंपनीने द्यायची, अशी व्यवस्था होती. त्यासाठी कंपनीने एक जाडजूड पुस्तक दिलं होतं. गिअरबॉक्स उतरवायला किती वेळ, पंप काढायला किती वेळ, सगळं त्यात छापलेलं. पुस्तकात असेल तेवढाच वेळ मिळणार. मेकॅनिकला दुप्पट लागला तर तो त्याच्या नशिबाचा भाग. आणि बिघाड मुळात कुठे आहे हे शोधायला किती वेळ? त्याला पुस्तकात पान नव्हतं. बिघाड शोधायचा नसतो, तो माहीतच असतो, अशी कंपनीची समजूत असावी.

तात्या त्या पुस्तकाला पंचांग म्हणत. गाडी आत आली की माझ्या केबिनच्या दारात उभे राहायचे. "सायेब, पंचांगात मुहूर्त काय निघतो बघा. तेवढ्यात बरी व्हायला गाडी तयार हाय का इचारून येतो."

ते मुंढव्याचे. घरची शेती. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाशी लहानपणापासून झटापट, तीच विद्या. आमच्याकडे आले तेव्हा पन्नाशीच्या घरात होते. डोक्याला पांढरी टोपी, रोज धुतलेली. ग्रीस आणि काजळीच्या त्या कारभारात ती टोपी दिवसभर पांढरी ठेवणं हा एक वेगळाच उद्योग होता आणि त्यात त्यांचा थोडाफार वेळ नक्की जायचा. नात वाचणार म्हणून मी सगळं गोड लिहिणार नाही. तात्या गर्विष्ठ होते. दुसऱ्याने उघडलेलं इंजिन बघायला बोलावलं की आधी विचारायचे, "कोणी उघडलं?" नाव कळलं की म्हणायचे, "मग बरोबर हाय," आणि चहाला निघून जायचे. ज्याचं नाव घेतलेलं असे तो पुढे आठवडाभर त्यांच्याशी बोलत नसे. तात्यांना ते कळतही नसे, कारण ते स्वतःहून कोणाशी बोलायला जात नसत.

गळती हा त्यांचा खास प्रांत. थेंब दोन बोटांत चोळायचा, नाकाशी न्यायचा, मग कालच्या वर्तमानपत्रावर टेकवायचा. डिझेल कागदावर भराभर पसरतं, ऑइल जागच्या जागी बसून राहतं. मग तोच कागद उघडून तात्या निवांत वाचायचे. "थेंब पडतो तिथं बगू नगा," ते म्हणत. "पडायच्या आधी तो लई हिंडतो." यात अर्थ होता. गाडी पळते तेव्हा वारा वरचं सगळं ऑइल मागे ढकलतो. वरच्या झाकणातून पाझरो की बाजूच्या पाइपातून, ते शेवटी इंजिनाच्या मागच्या बुडाशी येऊन ठिबकतं. आणि तिथेच असतं क्रँकचं मागचं सील, म्हणजे ऑइल आत अडवणारी कडी. त्यामुळे कुठलीही गळती बघणाऱ्याला सीलचीच वाटते. त्यात ते सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून पुस्तकात त्याला भरपूर वेळ. निसर्ग आणि कंपनी यांनी मिळून केलेली ही सोय सोडायला आमचे बाकीचे मेकॅनिक काही खुळे नव्हते. गळती आली की सील.

हे वेळ ठरवतात कसे, ते समजावायला एकदा कंपनीचा एक तरुण इंजिनियर आला होता. कारखान्यात घड्याळ लावून काम करून बघतात, असं तो सांगत होता. तात्या पुढे झाले.

"त्या इंजिनाला चिखल व्हता का, सायेब?"

"नाही, नवीन इंजिन असतं."

"बोल्ट गंजलेले?"

"नवीनच म्हटल्यावर कसे गंजतील?"

"आन् डायवर? शेजारी हुबा राहून आयमाय काढत व्हता का?"

"ड्रायव्हर कशाला असेल तिथे?"

"मग त्ये इंजिन नव्हतं सायेब, देव्हाऱ्यातली मूर्ती व्हती."

इंजिनियरसकट सगळे हसले. नवी आवृत्ती आली तेव्हा पुस्तकाचं कव्हर बदललेलं होतं.

तात्या चुकत नसत असं मात्र नाही. मालकांचे व्याही एकदा आपली नवीकोरी डिझेल जीप घेऊन गप्पा मारायला आले होते. ती बाहेर निघाली आणि तात्यांना खालच्या फरशीवर ताजा डाग दिसला. त्यांनी हात आडवे करून जीप अडवली, परत आत घेतली आणि व्याह्यांना स्टुलावर बसवून दिवस मावळेपर्यंत तिच्याखाली पडून राहिले. काही सापडेना. शेवटी वॉचमनने सांगितलं की तो डाग सकाळपासून आहे, तिथे आधी एक टेम्पो उभा होता. तात्या बाहेर आले, टोपी घातली आणि म्हणाले, "डाग म्या बरोबर वळखला व्हता. गाडी चुकली." व्याही पुढच्या वेळी रिक्षाने आले.

माझ्या घरीही ते एकदा आले होते. आमच्या झोपायच्या खोलीच्या भिंतीला ओल धरत होती. वरच्या परांजप्यांची मोरी गळते याबद्दल मला शंका नव्हती आणि तसं मी सोसायटीच्या फलकावर वेळोवेळी लिहीत होतो. परांजपेही तिथेच, माझ्या चिठ्ठीखाली, शुद्धलेखन दुरुस्त करून उत्तर द्यायचे. तात्यांनी पोहे खाल्ले, पलंगावर बसून भिंतीकडे बराच वेळ पाहिलं आणि आमच्या हिला म्हणाले, "वैनी, माळ्यावरची टाकी चार दिस भरू नगा." टाकी भरली नाही, भिंत सुकली. तात्या मला म्हणाले, "परांजप्यांना बोलायचं थांबवा, सायेब. तुमचंच पानी हाय, तुमच्याच घरात येतंय."

मी गुपचूप टाकीचा जोड बदलून घेतला. माझ्या चिठ्ठ्यांना घाबरून परांजप्यांनी मोरी दुरुस्त केली, असा सोसायटीत समज झाला. मी तो खोडून काढला नाही. तात्यांनी वर्कशॉपमध्ये विचारलं, "मग परांजपे काय म्हनले?"

"हसले," मी सांगितलं.

तात्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "बरं," म्हणाले.

त्याच सुमाराला मालकांनी वर्कशॉपात एक फळा लावला. कोणी महिन्यात पुस्तकातल्या वेळेच्या मानाने किती काम उरकलं, त्याची टक्केवारी त्यावर लिहायची. हिशेब मी करायचो. जे सील बदलत ते वर, जे शोधत बसत ते खाली. शोधत बसणारे एकटे तात्या होते. जो तळाला राहील त्याला गाड्या धुण्याच्या रॅम्पवर पाठवायचं, असंही मालकांनी जाहीर केलं. धुण्यात कमीपणा काय, असं कोणी म्हणेल. पण ज्या माणसाने आयुष्यभर पाना धरला, त्याच्या हातात पाण्याची नळी देणं म्हणजे काय, हे तिथे सगळ्यांना कळत होतं. मलाही.

आणि मग तो ट्रक आला, ज्याचा मी किस्सा केला.

थेऊरकडच्या दोन भावांचा ट्रक. गाडी घेतल्या घेतल्या भावाभावांत वाजलं आणि पावसाळाभर ती शेताच्या कडेला उभी राहिली. वाद मिटून रस्त्यावर आली ती गळतच. आमच्याकडे सील बदललं. परत गळाली. दुसऱ्या मेकॅनिकने सील बदललं. परत. तिसऱ्यानेही तेच केलं. तिन्ही वेळी कंपनीने पूर्ण वेळ मंजूर केला आणि ते तिघंही फळ्यावर वर सरकले. चौथ्या वेळी धाकटा भाऊ रस्त्यावर उभा राहून आमच्याबद्दल बोलू लागला, तेव्हा मालक म्हणाले, "लोणकरला द्या."

तात्यांनी इंजिन धुतलं, कोरडं केलं आणि साधी अंगाला लावायची पावडर त्यावर सगळीकडे भुरभुरली. इंजिन चालू केलं. स्टूल टाकून बसले. यात विनोदी काही नव्हतं. पांढऱ्यावर ऑइल पाझरलं की ओलीची रेघ कुठून निघते ते दिसतं, एवढंच. पण इतर मेकॅनिक जाता-येता विचारू लागले, "तात्या, कुंकू कधी लावायचं?" तात्या म्हणाले, "तुमी तिघांनी लावलंय की तीनदा. नांदली का?"

दुपारी त्यांनी मला बोलावलं. पावडरवर एक रेघ नव्हती. वरच्या झाकणाशी, ऑइल मोजायच्या पट्टीशी, सीलपाशी, सगळीकडे थोडं थोडं ओलं होतं. "बघा," तात्या म्हणाले. "एकीकडनं आलं असतं तर तिथलं बिघडलंय म्हनलं असतं. हे समदीकडनं यतंय. ह्याच्या पोटात वारा कोंडलाय." इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडायला एक नळी असते, खाली तोंड करून लोंबणारी. तात्या आडवे झाले, नळीत बोट घालून पाहिलं आणि पडल्या पडल्या हसायलाच लागले. मग त्यांनी तार मागितली.

नळीतून कडक माती निघाली. खिडकीच्या चौकटीवर कुंभारमाशी मातीचं घर करते ना, तसलं घर. गाडी शेतात उभी असताना तिने ते बांधलं होतं. वाफ कोंडायची आणि ऑइलला जिथून वाट मिळेल तिथून बाहेर ढकलायची. सील कितीही वेळा बदललं असतं तरी गळतच राहिलं असतं.

तात्यांनी मातीचा तो तुकडा माझ्या टेबलावर आणून ठेवला. "सायेब, हे घर बांधायला माशीला किती टाइम लागला, पंचांगात बघा. तिचा तरी क्लेम पास करा."

मी पुस्तक उघडून पाहिलं, केवळ गंमत म्हणून. नळी साफ करायला त्यात वेळ नव्हता. कुठला भाग बदललेला नाही म्हणजे क्लेम नाही. तात्यांचा अख्खा दिवस हिशेबात शून्य.

तेव्हा ते पहिल्यांदा, आणि माझ्या आठवणीत शेवटचंच, टोमणा न मारता बोलले. "शून्य तर शून्य. माजी हरकत नाय. फकस्त एवढं लिवा, कारण काय व्हतं आन् सोपान लोणकरनं शोधलं. कागद कंपनीत जाऊ द्या. बाकी कायबी नगं."

"लिहितो," मी म्हणालो.

ते लिहिलं तर आधीची तिन्ही सीलं उगीच बदलली हे कंपनीला कळणार होतं. त्या तिन्ही क्लेमवर, तपासून खात्री केली, अशी माझी सही होती. मी लिहिलं, "गाडी तपासली, ठीक आढळली." पुढे तात्यांनी एकदा विचारलं, "पाठवलंत?" मी म्हणालो, "पाठवलं." "काय आलं?" "अजून काही नाही." पुन्हा त्यांनी विचारलं नाही.

महिनाअखेर तात्या फळ्यावर तळाला. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "देवधर, हा लोणकर इतका मागे कसा? हात चांगला आहे म्हणतात. काय भानगड आहे?"

मालक वाईट नव्हते. त्यांनी विचारलं होतं, आणि सांगायला दोन वाक्यं पुरली असती. मी त्यांना किस्सा सांगितला. पावडर, नवरी, स्टूल, दिवसभर बसणं. टेबलावरचं पेन उचलून तार घालण्याचा अभिनयही केला. तो मला तेव्हाच सुचला. माशीचं घर वगळलं. आधीची तीन सीलं वगळली. मालक सहसा हसत नसत. त्या दिवशी चष्मा काढून डोळे पुसावे लागले त्यांना. हसू ओसरायच्या आत म्हणाले, "वॉशिंगला टाका त्याला. धुवायची एवढी हौस आहे तर."

कोजागिरीचा तो किस्सा मी पहिल्यांदा सांगितला तो तिथे. बाहेर पडलो तेव्हा मला वाईट वाटलं, असं लिहायला बरं दिसलं असतं. खरं म्हणजे मी खुशीत होतो. मालकांना मी हसवलं होतं.

तात्या रॅम्पवर गेले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात नळी घेऊन. टोपी तिथे मात्र विनासायास पांढरी राहायची. दुरुस्तीला येणारी प्रत्येक गाडी आधी धुवायला त्यांच्याकडे जाई आणि त्यांच्या नजरेला काही लपत नसे. गाडी आत सोडताना मेकॅनिकला सांगायचे, "वरचा पाइप ढिला हाय. सीलला हात लावू नगं." मेकॅनिक दोन्ही करायचे. सील बदलायचे, कारण वेळ त्याला होता. आणि पाइप आवळायचे, कारण गळत तिथून होतं. गाड्या परत येणं थांबलं. वेळही मिळू लागला. फळ्यावरचे सगळे आकडे चढले आणि कंपनीने आम्हाला विभागातलं उत्तम वर्कशॉप म्हणून ढाल दिली. मालकांच्या शेजारी उभं राहून ती मी घेतली. आमच्या यशाचं रहस्य काय, असं तिथे कोणीतरी विचारलं. मी म्हणालो, शिस्त.

तात्या निवृत्त होईपर्यंत रॅम्पवरच राहिले. त्यांना परत आत घ्या, असं मी मालकांना एका शब्दाने सांगू शकलो असतो. पण मग मूळ कारण निघालं असतं.

निरोप समारंभ दुपारच्या चहाच्या वेळी झाला. शाल, नारळ, पेढे. मालक म्हणाले, "देवधर, तो पावडरचा किस्सा होऊन जाऊ द्या." तात्या समोर खुर्चीवर बसले होते. कोणाला खोटं वाटेल, पण मी तो सांगितला. अभिनयासकट. ज्या तिघांनी सीलं बदलली होती ते सगळ्यात मोठ्यांदा हसले. तात्याही हसले. मग लोक म्हणाले, तात्या, तुम्हीही दोन शब्द बोला.

तात्या उठले. "देवधरसायबांनी सांगितलं ते समदं खरं हाय. पावडर लावली, बसलो, तार घातली." थांबले आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात चहाचा कप होता, तो मी खाली ठेवला. आता येणार, असं वाटलं. खरंच सांगतो, यावं असंही वाटलं; दुसऱ्याने सांगितलं असतं तर माझं काम झालं असतं.

"त्यांच्यावानी रंगवून सांगता येत नाय मला," तात्या म्हणाले. "म्हून मी कुठं सांगितलं नाय." आणि बसले. टाळ्या पडल्या.

मी केबिनमध्ये परतलो. खिडकीतून तात्या गेटाकडे चाललेले दिसत होते. तेवढ्यात एक ट्रक आत आला. ड्रायव्हरने गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून त्यांना काहीतरी विचारलं. तात्यांनी गाडीखाली एक नजर टाकली, मग माझ्या खिडकीकडे बोट दाखवलं आणि चालू लागले. ड्रायव्हर माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"साहेब, ऑइल गळतंय. त्या बाबांना विचारलं कुठनं गळतं, तर म्हणाले, देवधरसाहेबांना विचार. ते म्हणतील तिथनं गळतं."

मी खाली जाऊन बघू शकलो असतो. तात्यांना हाक मारता आली असती. अजून ऐकू जाण्याइतके जवळ होते ते. मी दुरुस्तीचं कार्ड ओढलं आणि लिहिलं, क्रँकचं मागचं सील. ड्रायव्हरने समाधानाने मान हलवली.

वर पाहिलं तेव्हा तात्या रस्त्यापलीकडे बसथांब्यावर उभे होते. शाल घडी करून काखेत. सत्काराचा नारळ त्यांनी कानाशी धरला होता आणि हळूहळू हलवून आत पाणी किती आहे ते मन लावून ऐकत होते.